उसना खोकला

"काढ ती चिमटी," साहेब म्हणाला. "बोंबलायला लागली की मला धड खोकता येत नाही."

"खोकणारा तू कोण?" थोरली म्हणाली. "खोकतं ते मशीन. तू नुसता पडून राहतोस, आणि आव असा आणतोस, जसा काही डोंगर फोडलास."

"काढतेस की नाही?"

"नाही काढत. बोंबलू दे. दिवसभर दुसऱ्याची कटकट ऐकून कानांचं काय होतं, ते तुलाही कळू दे."

चिमटी म्हणजे बोटाला लावायची ती. तिची तार एका छोट्या डबीला जोडलेली होती. डबीवर दोन आकडे दिसायचे, एक रक्तातल्या प्राणवायूचा आणि एक नाडीचा. आकडा खाली गेला की डबी ओरडायची. पण खोकल्याचं मशीन सुरू झालं की साहेबाचं सगळं अंगच हिंदकळायचं, त्याबरोबर हातही हिंदकळायचा आणि डबी उगाचच ठणाणा करायची. मशीन घरी आणून शिकवून गेलेल्या कंपनीच्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तेवढ्यापुरती ती काढून ठेवा हो, तेव्हा ती काहीही दाखवते." मुलगी पुन्हा कधी फिरकली नाही, पण तिचं बोलणं घरात ब्रह्मवाक्य होऊन राहिलं. मशीनच्या आधी चिमटी काढायची, अशी रीतच पडली.

आज थोरलीने ती रीत मोडली, आणि काही शहाणपणा सुचला म्हणून नव्हे, निव्वळ रागाने मोडली. सकाळी तिने केलेलं सूप तोंडात घेऊन साहेब तिच्या नवऱ्याला म्हणाला होता, "दादा, फरशी पुसलेलं पाणी कुठे जातं, ते आज मला कळलं." नवरा हसला. तेच तिला झोंबलं होतं. दिराचं बोलणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण नवऱ्याने दात काढायचं काही कारण नव्हतं.

साहेब हा तिचा दीर. स्नायू झिजत जाण्याचा आजार लहानपणीच लागलेला. आधी पाय गेले, मग हात गेले, आणि आता छातीत खोकण्यापुरतीही ताकद उरली नव्हती. कफ घशाशी यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. म्हणून हे मशीन आणलं. तोंडानाकावर मास्क घट्ट दाबून धरायचा. मशीन आधी छातीत हवा भरायचं आणि लगेच ती हिसका मारून ओढून घ्यायचं, की त्या ओढीबरोबर कफ वर यायचा. चारपाच श्वासांची एक फेरी, मग विसावा, मग पुन्हा फेरी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मास्क धरणारा हात कायम थोरलीचा. नवऱ्याला ते बघवत नसे. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, तिथे तो दिवसभर काचा घासत बसायचा आणि घरातलं त्याला फारसं काही दिसत नसे.

खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या घराला कामाला लावायचा, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. थोरलीला मात्र थोरली का म्हणत, देव जाणे. धाकटी सून ह्या घरात यायचा प्रश्नच नव्हता. लग्न होऊन ती उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा अकरा वर्षांच्या साहेबाने चाकाच्या खुर्चीतून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "दादा, हिचे दात मोजून घेतलेस का? मला दोन जास्त दिसतात." त्या दिवसापासून दोघांचं जे जुंपलं, ते आजतागायत. तो तिला म्हैस म्हणायचा, ती त्याला फुकटखाऊ म्हणायची. तो तिच्या हातचं घाणेरडं म्हणत सगळं संपवायचा, ती त्याच्या पाठीला तेल लावताना त्याच्या सात पिढ्या काढायची, म्हणजे ओघानेच आपल्या नवऱ्याच्याही.

आणि साहेबाचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे मरायचा. फेरी संपली की डोळे पांढरे करायचे आणि मान टाकायची. पहिल्यांदा त्याने हे केलं तेव्हा थोरली गल्लीभर ओरडत सुटली होती. शेजारपाजारचे धावत आले, तर हा हसतोय. इतका हसला की हसून हसून कफ अडकला आणि त्या सगळ्यांसमोर तिलाच मशीन लावावं लागलं. तेव्हापासून त्याने मान टाकली की ती त्याच्या गालावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "नाटकं पुरे."

अलीकडे नाटकं वाढली होती. आणि पूर्वीसारखा तो नंतर हसतही नसे. "डुलकी लागली," म्हणायचा. थोरलीला वाटायचं, म्हातारपणी नटाचा सराव सुटतो तसं झालंय ह्याचं. ती टिचकी जरा जोरात मारायची.

तर आज तिने चिमटी तशीच ठेवली, मास्क धरला आणि बटण दाबलं. डबीने अपेक्षेप्रमाणे बोंब ठोकली. फेरी संपली, मशीन थांबलं, साहेबाचा हात चादरीवर निपचित पडला, तरी डबी काही गप्प बसेना. तिचं नरडं दाबावं म्हणून थोरलीने ती हातात घेतली. नाडीचा आकडा चौतीस होता. एरवी तो नव्वदीच्या आसपास असायचा. तिने साहेबाकडे पाहिलं. डोळे पांढरे, मान उशीवरून कललेली.

"नाटकं..." ती म्हणाली, आणि टिचकी मारायला उचललेला हात तसाच हवेत राहिला. डोळ्यांचं नाटक करता येतं, मानेचं करता येतं. नाडीचं कोण करणार?

आकडा हळूहळू वर सरकला. साहेबाने डोळे उघडले.

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला मटकन बसली. आपण आजवर कितीदा खऱ्याखुऱ्या बेशुद्ध माणसाच्या गालावर टिचक्या मारल्या असतील, ह्याचा ती हिशेब करू लागली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. हृदय हाही स्नायूच आहे, आणि आजार तिथेही पोचलाय. मशीन छातीत जोराने हवा भरतं तेव्हा हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि पाठोपाठ हिसका बसला की नाडी एकदम मंदावते. धडधाकट हृदय हे धक्के पचवतं, ह्याचं आता पचवत नाही. "एखाद्या वेळी थांबूही शकतं," त्या म्हणाल्या. छातीचे डॉक्टर म्हणाले, "खरं आहे, पण मशीन बंद केलं तर कफाने जाईल, आणि लवकर जाईल." दुसरा उपाय गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा. त्यावर साहेबाने केव्हाच फुली मारलेली होती. "मग मी बोलणार कशाने? हिला शिव्या द्यायच्या बंद झाल्या तर जगून करू काय?"

शेवटी दोन्ही डॉक्टरांनी मिळून मधला मार्ग काढून दिला. दाब कमी ठेवायचा, पण इतकाही नाही की कफ हलणार नाही. पाठ थोडी मागे रेललेली हवी. एका वेळी दोनच श्वास. चिमटी काढायची नाही. नाडीचा आकडा घसरला की थांबायचं, तो वर येऊ द्यायचा, माणूस शुद्धीवर आहे ना, बोलतोय ना ते बघायचं, आणि मगच पुढचे दोन श्वास. धोका राहणारच, पण आटोक्यात राहील. थोरलीने सगळं दोनदा विचारून घेतलं.

ती घरी येते न येते तोच नणंद येऊन थडकली. नणंद साहेबाहून मोठी आणि थोरलीच्या नवऱ्याहून लहान, एका शाळेची मुख्याध्यापिका. घरातही ती अशी बसायची, की समोरच्याला आपण गृहपाठ विसरल्यासारखं वाटावं. भावाकडे ती वर्षातून चारदा यायची आणि चारही वेळा तिला घरात काहीतरी चुकलेलं सापडायचं. ह्या वेळी तर घबाडच सापडलं.

"म्हणजे इतके दिवस तू चिमटी काढून मशीन चालवत होतीस?"

"तसंच शिकवलं होतं, वन्सं."

"शिकवलं होतं! आणि त्याची शुद्ध गेली की टिचक्या मारत होतीस. गालावर. अगं, जनावराला तरी कोणी असं करतं का?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. चष्म्याच्या दुकानदाराला शर्टाने काच पुसू नये एवढं कळायला हवं, पण त्या वेळी त्याला पुसायला काहीतरी हवं होतं.

मग तिने साहेबाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. एक वाक्य त्याने बोलायचं होतं. 'ताई, मीच नाटकं करायचो.' एवढंच. एरवी ज्याची जीभ तोंडात ठरत नसे, तो आज मूग गिळून बसला होता.

"तुला त्याचं ओझं झालंय, वहिनी," नणंद म्हणाली. "स्पष्टच बोलते. ओझं झालं की माणसाचा हात असाच चुकतो. चुकतो, का चुकवला जातो, ते ज्याचं त्याला माहीत."

थोरली उठून उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली. "उद्यापासून मशीनला माझा हात लागणार नाही. तुमचा भाऊ, तुम्ही बघा."

"नकोच लावूस. मी राहते इथे. माणूस ठेवते."

माणूस ठेवला. चांगला शिकलेला, स्वच्छ कपड्यातला, सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणणारा मदतनीस. त्याची चूक काही नव्हती. पण नणंदेने पहिल्याच दिवशी त्याला असं काही घाबरवून ठेवलं की बिचाऱ्याने दाब डॉक्टरांनी सांगितल्याच्याही निम्म्यावर आणला. त्यात डबी ओरडली रे ओरडली की तो मशीन बंद करायचा आणि पुन्हा चालू करायला धजायचा नाही. नणंद पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून आकड्यावर पहारा करायची. नाडीचा आकडा छान राहिला. कफ मात्र आत साचत गेला.

थोरली स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघर आणि साहेबाची खोली ह्यांच्यामध्ये एकच भिंत, आणि ती काही फार जाड नव्हती. पहिल्या दिवशी तिला साहेबाचं बोलणं नेहमीसारखं ऐकू आलं. मदतनिसाला तो म्हणत होता, "तुम्ही मास्क असा धरता, जसा नवरदेव पहिल्यांदा बायकोचा हात धरतो." दुसऱ्या दिवशी वाक्यं आखूड झाली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीपलीकडून घरघर यायला लागली. हुक्का ओढल्यासारखी, ओली, आत गेलेला श्वास बाहेर येतो की नाही अशी वाट बघायला लावणारी.

थोरली भांडी घासत राहिली. घासलेलीच पुन्हा घासली. तिला राग होता, आणि तो काही लटका नव्हता. तिला वाटत होतं, हाक मारू दे. एकदा हाक मारू दे, मग जाईन. 'वहिनी' एवढं म्हण, अरे मेल्या, नाहीतर 'म्हैस' म्हण, ते चालेल. पण हाक काही येईना. त्या घरघरणाऱ्या छातीतून हाकेपुरता वारा निघत नव्हता, की निघत असूनही तो मारत नव्हता, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्याचा हट्ट ओळखत होती म्हणूनच नव्हता.

जेवणं झाल्यावर नणंदेचा आवाज चढला. "अहो, काहीतरी करा ना! ओठ बघा त्याचे!" मदतनीस म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटलला हलवू या. तिथे नळी घालतील." मग साहेबाचा आवाज आला. शब्द नव्हते, पण नकार होता. तसा हेकट नकार ह्या घरात दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नव्हतं.

थोरलीने हात पदराला पुसले आणि ती आत गेली.

साहेबाचा रंग राखेसारखा झाला होता. डोळे मात्र उघडे होते आणि ते दाराकडेच होते.

"बाजूला व्हा," ती मदतनिसाला म्हणाली. तो इतक्या पटकन झाला की त्याची सुटकाच झाली असावी. नणंद मात्र खुर्चीतून उठून मध्ये आली.

"वहिनी, काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. नाहीतरी तुम्ही ते आधीच ठरवून ठेवलंय."

साहेबाचे ओठ हलले. तिने कान खाली नेला.

"आलीस..." तो म्हणाला, "मारायला?"

"हो. भांडी झाली होती. म्हटलं, उरकून टाकू."

तिने पाठीमागची उशी ओढून त्याला थोडं मागे रेललं. दाबाचं बटण डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथवर फिरवलं. चिमटी बोटात नीट बसली आहे ना ते बघितलं, मास्क धरला, आणि एक श्वास दिला. दुसरा दिला. डबी किंचाळली. तिने थांबवलं. आकडा एक्केचाळीस होता.

"बंद कर!" नणंद ओरडली. "दिसत नाही का तुला? बंद कर ते!"

"बंदच आहे," थोरली म्हणाली. "ओरडू नका. मला ऐकू येऊ दे."

तिने आकड्याकडे पाठ केली आणि साहेबाचा चेहरा बघत बसली. हा आत्ता असाच गेला तर नणंद म्हणेल ते जग म्हणेल, आणि जग म्हणेल ते हळूहळू आपणही म्हणू लागू, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मास्कवरची तिची बोटं घामाने निसरडी झाली होती.

"बोल," ती म्हणाली. "साहेब, बोल काहीतरी. मुकाट पडून राहायचं तर दुसरीकडे जाऊन पड."

काही नाही. पापणी अर्धी मिटलेली.

"अरे फुकटखाऊ, बोल!"

"हाताला..." मास्कमधून आवाज आला, "कांद्याचा... वास..."

नणंदेने तोंडावर हात घेतला. थोरलीने आकडा बघितला. सत्तरीच्या वर आला होता. तिने पुढचे दोन श्वास दिले. आकडा पुन्हा गडगडला. ती पुन्हा थांबली. ह्या वेळी शिवी यायला जास्त वेळ लागला, पण आली, आणि ती अशी होती की मुख्याध्यापिकेसमोर कोणी देऊ नये. थोरलीला हायसं वाटलं. मग पुन्हा दोन. पुन्हा थांबणं. दर खेपेला डबी बोंबलायची, नणंद खुर्चीची पाठ घट्ट धरायची, आणि थोरली त्या चेहऱ्यावर राग कधी परततो त्याची वाट बघत बसायची. एकदा त्याने नुसतेच डोळे मिटून घेतले, तेव्हा तिने मोठ्याने त्याच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. तिसऱ्या पिढीला तो म्हणाला, "आजोबांना... सोड. बरे होते."

आणि मग, एका ओढीसरशी, आतून मोठा खडखडाट झाला आणि मास्क कफाने भरला. घट्ट, हिरवट, तीन दिवसांचा. तिने मास्क झटकन बाजूला केला, कफ ओढायच्या नळीने तोंड साफ केलं, आणखी एकदा दोन श्वास दिले, आणखी थोडा आला. घरघर थांबली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याचा श्वासही ऐकू आला. दुकान अर्ध्यावर टाकून तो केव्हा आला, कोणाला कळलं नव्हतं.

साहेब बराच वेळ नुसता श्वास घेत पडला. ओठांवर रंग परतत होता. मग त्याने मान जितकी वळत होती तितकी बहिणीकडे वळवली.

"ताई."

"बोलू नकोस रे. पड शांत."

"ऐक. मी कधीतरी... ह्या मशीनखालीच जाणार." त्याने थांबून श्वास घेतला. "डॉक्टर काही म्हणोत. ते मला कळतं. तर जाईन तेव्हा... हिच्या हाताखाली जाईन. दुसऱ्या कोणाच्या हातून... मरायची माझी तयारी नाही."

"असं काय बोलतोस?"

"आणि त्या दिवशी... हिला एक शब्द... एक शब्द जरी कोणी बोललं... तर बघा..."

तो दमला. वाक्य तिथेच राहिलं. बघा म्हणजे काय बघा? काय करणार होता तो? त्याचं बोट देखील चादरीवरून उठत नव्हतं. पण त्याचे डोळे असे होते की खोलीतल्या कोणालाही हसू आलं नाही. मदतनीस जमिनीकडे बघत होता. नवऱ्याने ह्या वेळी चष्म्याला हात लावला नाही.

"नाही बोलणार," नणंद म्हणाली. तिचा आवाज शाळेतला नव्हता. "कोणी काही बोलणार नाही."

थोरली ओल्या फडक्याने साहेबाची हनुवटी पुसत होती. ह्या घरात आल्यापासून त्याच्या तोंडून आपल्यासाठी एक बरा शब्द यावा म्हणून ती मनातल्या मनात ताटकळली होती, आणि तो आला तोही दुसऱ्याला धमकी म्हणून. तिला रडू येत होतं आणि ते ह्याला दाखवायचं नव्हतं.

"पुरे आता," ती म्हणाली. "दम लागेल."

हनुवटी केव्हाच स्वच्छ झाली होती. ती पुसतच राहिली, आणि साहेबाने तिला थांब म्हटलं नाही.